विजयाचं पासबुक

४ ऑगस्ट २००९, मंगळवार

बँकेनं खातं गोठवलं. पंधराशे काढायला गेलो तर मॅनेजर नजर चुकवून म्हणाला, "नहीं निकलेगा, नरहरी भैया. टैक्स वालों की चिट्ठी आई है." वाणिज्यिक कर विभागाची वसुली. व्याज धरून पाच लाख बारा हजार.

खोटं नाही ते. छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हापासून सरकारी इमारतींच्या खिडक्या, ग्रिल, गेट माझ्या सिलतऱ्याच्या वर्कशॉपमधून गेले. बिलात कर लावला, तो मला मिळाला, आणि भरायच्या वेळी बायकोच्या, विजयाच्या आजाराचं निदान झालं. नागपूरच्या दवाखान्यात अकरा महिने तोच पैसा लावला. म्हटलं, ती बरी झाली की भरू.

जानेवारीत ती गेली.

६ ऑगस्ट

स्वानंदकडे जाऊन आलो. माझ्या जुन्या मित्राचा, दिवाकरचा मुलगा, शंकर नगरात कराची वकिली करतो. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. समजतं त्याला सगळं.

म्हणाला, "अंकल, किस्त हो जाएगी. पर एक चौथाई पहले भरना पड़ेगा, और पूरा खुलासा देना पड़ेगा. शपथपत्र पे."

खुलासा म्हणजे काय, तर घर, मशिनी, खाती, सोनं, महिन्याला किती येतं, किती जातं, घरात कोण कोण. माझं, आणि विजयाचंही.

"तिचं काय राहिलं आता?"

"जो भी उनके नाम पे है, अंकल. एक भी छूटा तो टैक्स वाली मैडम किस्त कैंसिल कर देंगी."

आठ पानांचा फॉर्म दिला. चहा पाजला. बापासारखाच हात धरून जिना उतरवला त्यानं.

९ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून भरून राहिलो.

घर – तेलीबांध्याच्या दोन खोल्या. मशिनी – पाच. स्कूटर – एक. सोनं – नाही, तेही नागपूरलाच गेलं. पत्नी – मृत. अपत्य – 'निरंक'. इकडच्या ऑफिसांत 'काही नाही' असं लिहीत नाहीत, निरंक लिहितात. लिहून टाकलं. हात थांबला नाही.

महिन्याच्या खर्चापाशी मात्र अडकलो. तांदूळ किती, दूध किती, गॅस किती दिवस पुरतो? चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही तिला. अंदाजानं आकडे टाकले. शपथेवर अंदाज.

११ ऑगस्ट, मंगळवार

घराची पावती शोधत होतो. विजयाच्या शिलाई मशीनचा खण उघडला. बॉबिन, खडू, पिकोचे दोरे. खाली पोस्टाचं पासबुक.

मला माहीत नव्हतं. शेजारपाजारच्या बायांच्या साड्यांना फॉल लावायची, तेवढं दिसायचं. दहा-वीस रुपयांचं काम, तिची तिला करमणूक, असं मी समजत आलो. शिल्लक अडतीस हजार चारशे!

पासबुकात मनीऑर्डरच्या पावत्या, रबरबँड लावून. दर महिन्याला तीनशे. मोजल्या. चौऱ्याऐंशी. सगळ्यांवर एकच नाव – श्रावणी निषाद, तिल्दा.

पासबुकाच्या पहिल्या पानावर वारस म्हणूनही तेच नाव.

१२ ऑगस्ट

काही खाल्लं नाही. वर्कशॉपला गेलो नाही.

१३ ऑगस्ट

लिहूनच टाकतो. या वहीत तरी खोटं कशाला.

श्रावणी माझी मुलगी. एकुलती. दोन हजार एक साली तिनं दयारामशी लग्न केलं. दयाराम माझ्याच वर्कशॉपात वेल्डर होता. हाताचा सरळ, शांत पोट्टा, मीच त्याला तिल्द्याहून आणला होता. मी काय बोललो ते माझ्या लक्षात आहे. "तू मेली आम्हाला. या गल्लीत पाय ठेवायचा नाही." विजयाला देवापुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली की तिच्याशी बोलणार नाही.

विजया बोलली नाही. शपथ पाळली तिनं. पैसे पाठवायचे नाहीत, असं मी म्हटलं नव्हतं.

शेवटचे दोन महिने ती बोलायची बंद झाली होती, नुसती दाराकडे पाहायची. मी विचारायचो, पाणी पाहिजे का? कुशीवर वळायचं का? एकदा तिनं माझं बोट धरून काही तरी म्हणायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, थकू नको. मला कळलं होतं ती काय म्हणते. कळलं होतं तरी म्हटलं, थकू नको.

आणि मी बोलावलं नाही.

१४ ऑगस्ट

समोरच्या शांताबाईला विचारलं. शेवटच्या मनीऑर्डरी तिनंच नेऊन दिल्या, विजयाला चालवत नव्हतं तेव्हा.

"पोट्टीला सांगितलं का, आई गेली म्हणून?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "तुमची बंदी होती ना, भाऊ."

म्हणजे सात महिने झाले, श्रावणीला ठाऊक नाही. मनीऑर्डर बंद झाली तेव्हा काय समजली असेल ती? बापानं पकडलं असं समजली असेल.

१७ ऑगस्ट, सोमवार

स्वानंदला पासबुक दाखवलं. त्यानं सगळ्या पावत्या उलटून पाहिल्या, मग पहिल्यांदाच मराठीत बोलला. तोडकंमोडकं. "काका, हे लिहावं लागेल."

मग सवयीनं हिंदीत. पैसे वारसाचे. फॉर्मवर श्रावणीची सही आणि मृत्यूचा दाखला लागेल, मग पोस्ट तिला पैसे देईल. तिनं मला दिले तर पहिल्या चौथाईत चालतील.

चौथाई एक लाख अठ्ठावीस हजार. स्कूटर, दोन वेल्डिंग सेट आणि सगळं भंगार विकून नव्वद हजार जमतात. बरोबर विजयाच्या पासबुकाइतके कमी पडतात.

शपथपत्राचं पान परत मागितलं. 'निरंक' खोडलं. वर लिहिलं – एक मुलगी, विवाहित. खोडलेल्या जागी सही करावी लागते. केली.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

तिल्द्याला गेलो.

पॅसेंजरनं तास-सव्वा तास. एवढंच अंतर. आठ वर्षं मी मनाशी ते परदेशासारखं लांब करून ठेवलं होतं.

काल पोळा झाला, परवा तीजा, इकडची हरतालिका. गाडी बाप-भावांनी भरलेली. कुणाच्या मांडीवर साडीचं पाकीट, कुणाजवळ ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा. सगळे लेकींना माहेरी आणायला निघालेले. माझ्या पिशवीत पोस्टाचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला.

त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घर विचारलं. ओट्यावरची म्हातारी हसली, "बेटी ला तीजा बर लेगे बर आए हव का?" मुलीला तीजेसाठी न्यायला आलात का? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

श्रावणीनं दार उघडलं. जाड झाली आहे थोडी. विजयासारखी पुढे झुकून उभी राहते आता. मला पाहून बाजूला झाली, खाट पुढे केली, पाणी आणलं. आतून पाचेक वर्षांची मुलगी आली, पायाला चिकटून छत्तीसगढीत विचारू लागली, हे कोण? श्रावणी म्हणाली, "पहुना ए." पाहुणा.

रस्ताभर जुळवून ठेवलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, "तुझी आई गेली. एकवीस जानेवारीला."

"हव," ती म्हणाली. नुसतं 'हव'. इकडचे लोक 'हो'साठी म्हणतात तसं.

मग चहा टाकायला आत गेली. भांड्यांचा आवाज आला, दुसरा कसलाच नाही. मी कान देऊन ऐकत होतो. रडली नाही. मनात म्हटलं, माझ्यावर गेली, दगड आहे. किंवा मीच तिला तसं करून ठेवलं.

चहा झाल्यावर पासबुक आणि पावत्या खाटेवर ठेवल्या. ती पावत्यांना हात लावेना. नुसती वरची तारीख पाहत बसली. मग विचारलं, "त्रास झाला का तिले?"

"झाला."

"कोणी होतं जवळ?"

"मी होतो."

तिनं मान हलवली. सही कुठं करायची विचारलं. जिथं बोट ठेवलं तिथं केली – श्रावणी निषाद, सावकाश, एकेक अक्षर. दयाराम तेवढ्यात कामावरून आला. पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही, आठवत नाही.

फॉर्म कशासाठी घाईनं लागतो, वकील काय म्हणाला, यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "हा घेऊन पोस्टात जा. पैसे तुझे आहेत. आईनं ठेवले."

उठलो. दारात ती म्हणाली, "जेवून जा." मी म्हटलं, गाडीची वेळ झाली. गाडीला दीड तास होता. प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो. लेकी बापांबरोबर गाडीत चढत होत्या.

२२ ऑगस्ट

स्वानंदचा फोन. "हो गया साइन?" झाली म्हटलं. "पैसा?" तिला देऊन आलो म्हटलं.

२७ ऑगस्ट

पत्रा वाकवायची मशीन विकली. एक्केचाळीस हजार आले. ती गेली म्हणजे वर्कशॉप गेलंच. आता राहिलं ते दुरुस्तीचं काम, हातावरचं. चौथाई भरली, पावती घेतली.

३ सप्टेंबर, गुरुवार

कर ऑफिसात सुनावणी.

मॅडम माझ्या श्रावणीच्याच वयाच्या. पान-पान वाचलं. ग्राहकांकडून कर घेतला होता, तो कुठे गेला? मी दवाखान्याची बिलं पुढे केली. त्यांनी एकेक पाहिलं, पिन नीट लावून परत दिली. "समझ रही हूँ. लेकिन वो पैसा आपका नहीं था."

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हता.

"महीने का दूध सिर्फ साठ रुपये का?"

"एकटाच आहे मी. चहापुरतं लागतं."

मग पोस्टाच्या खात्यापाशी थांबल्या. पत्नीचं खातं, अडतीस हजार चारशे, ते का भरलं नाही?

स्वानंद उत्तर द्यायला पुढे झाला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "वो मेरी बेटी का है, मैडम. उसकी माँ ने उसके लिए फॉल लगा-लगा के जोड़ा था. मुझे भी नहीं मालूम था."

त्यांनी त्या ओळीसमोर बारीक खूण केली. बारा हप्ते मंजूर. दर महिन्याच्या दहा तारखेला बत्तीस हजार. एक चुकला की सगळं रद्द. दुरुस्तीच्या कामात एवढे कुठून यायचे? घराला गिऱ्हाईक पाहायला सांगितलं आहे. दोन खोल्या एकट्याला जास्तच होतात.

बाहेर आल्यावर स्वानंद म्हणाला, "बहुत अच्छा हुआ, अंकल." मी हो म्हटलं. घरी येऊन कुलूप उघडलं आणि आदेश कुणाला दाखवावा ते सुचेना.

१० सप्टेंबर

पहिला हप्ता भरला, उसने घेऊन.

१४ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी श्रावणीचा फोन आला. नंबर शांताबाईनं दिला असेल.

म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सांगायचं राहिलं. आई गेली ते शांताकाकूनं मले त्याच सकाळी कळवलं होतं. मी आली होती. गल्लीच्या तोंडाशी ऑटोत बसून होती. तुम्ही मडकं धरून समोरून गेले. पायात चप्पल नव्हती तुमच्या."

मी विचारलं, "मग उतरली काहून नाही?"

"तुम्ही होते ना."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.