आवणीतली छाटणी

प्रिय तेन्मोळी,

रागावूनच लिहितोय. आत्यानं तुझा मोबाइल काढून घेतलाय म्हणून कागद घेतला, नाहीतर फोनवर सरळ भांडलो असतो.

आमच्या मोगऱ्याला कळ्या लागल्यात. गावातले बाकीचे मळे दिवाळीनंतर गुडघ्याएवढे छाटलेले, पोंगल होऊन गेलं तरी तिथं नुसत्या काटक्या उभ्या आहेत. आमचा एकटा हिरवागार. लोक बांधावर थांबून बघतात. परवा म्हातारे पेरियसामी ताता म्हणाले, "कॉलेजातून पळून येऊन हे शिकलास होय? आम्हालाही शिकव की." मी काय शिकवणार कुणाला? मदुराईला प्राध्यापकाशी भांडलो आणि कॉलेज अर्ध्यात सोडलं, एवढंच माझं शिक्षण तुझ्या आईला तोंडपाठ आहे.

आवणी महिन्यात, दिवाळीच्या दोन महिने आधी, आत्या तुला घेऊन आली, आमच्या ओट्यावर बसली आणि अप्पांना म्हणाली, "अण्णा, मामाच्या मुलाचा हक्क म्हणून पोरगी बिनडिग्रीवाल्याच्या गळ्यात बांधू का? कोइंबतूरचा मुलगा बँकेत आहे. पोंगल झालं की लग्न. मामाकडची फुलं तेवढी रीतीप्रमाणे तुझ्याच मळ्यातली आण." हीच आत्या लहानपणी मला 'जावईबापू' म्हणत पानात एक वडा जास्त वाढायची. तू आत अम्माजवळ कळ्या ओवत बसली होतीस. सगळं ऐकू येत होतं तुला. तरी हात थांबला नाही. मला सहन झालं नाही ते हेच.

मळा फुलावर होता, छाटायची ती वेळच नव्हती. कोयता उचलला आणि दिवस मावळेपर्यंत एक झुडूप उभं ठेवलं नाही. घ्या म्हटलं आता मामाकडची फुलं. अप्पांनी हात उगारला नाही. एवढंच म्हणाले, "केस कापायचे तर हा मान कापून आला." त्याच रात्री मदुराईच्या मित्राकडे निघून गेलो. परतलो तेव्हा फुटवे आले होते.

आता तेच अप्पा खुशीत आहेत. "मुरुगन देवानंच छाटून घेतलं रे तुझ्या हातून. ऐन थंडीत भाचीच्या लग्नाला घरचं फूल." म्हणजे माझा रागसुद्धा तुझ्याच लग्नाच्या कामी आला. अप्पांचा गुडघा धरलाय, म्हणून टोपली घेऊन यायचं तेही मीच. याहून वैताग काय असतो, सांग.

काल अम्मासमोर बडबडत होतो की या झाडांना लाज नाही, इतकं तोडलं तरी फुलतात. ती म्हणाली, "कोयत्यानं चिंध्या केलेलं झाड आपोआप फुटतं होय? तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तेन्मोळी आली. माझी कात्री घेतली, एकेक फांदी फुटव्याच्या डोळ्याच्या वर तिरकी कापून नीट केली, प्रत्येक जखमेला शेण-हळद लावली. हाताला फोड आले पोरीच्या."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस? तुला ओरडायलाच वेळ पुरत नाही."

म्हणून हे पत्र, तेन्मोळी. शेण का लावलंस? लग्नाला मामाकडचं फूल हवं म्हणून, की मी तोडलेलं मरू नये म्हणून? इतके महिने मी तुझ्या न थांबलेल्या हातावर चिडून बसलोय, आणि तो हात माझ्याच मळ्यात होता. पत्र अम्मा घेऊन येतेय. कागदाच्या मागं लिही आणि तिच्याजवळच दे. ती पत्र वाचणार नाही म्हणते. वाचणार. लग्न हवं असेल तर गुरुवारी, लग्नाच्या पहाटे, कळ्या तोडून टोपली आणीन, भांडणार नाही. भांडलो तरी हळू आवाजात. नको असेल तर आत्याला तुलाच सांगावं लागेल, माझं ती ऐकायची नाही. मी एवढंच करीन, एकही कळी तोडणार नाही. बाजारात कळीच विकते, उमललेल्या फुलाला कुणी विचारत नाही, अप्पा या वेळी मात्र हात उगारतील. उगारू देत. तू तळ्याच्या बांधावर येऊन बघ, सगळा मळा पांढरा दिसेल.

तुझाच, तू काहीही लिहिलंस तरी,
इळमारन