पाणी अजून तयार नाही

ती. ताईस,

धाकट्याचा तळघरातून नमस्कार. (तळघरातून अशासाठी की सध्या माझी पाळी चालू आहे आणि बदली माणूस आल्याशिवाय मला वर जाता येत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं सांगणार होतो, पण तू कधी कोणाचं ऐकलं आहेस! बाबांना न्यायला कधी येऊ, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. त्यांनी तुला फोनवर शब्द दिलाच आहे, की टाकीत मासे सोडले की मी मोकळा. तेव्हा मासे अजून का सोडले नाहीत, याचा खुलासा करणं माझ्यावर आलं. तो लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

मुळात मला हवी होती दिवाणखान्यात शोभेची एक काचेची टाकी. हिने टाकीला हरकत घेतली नाही, घरघरीला घेतली. म्हणाली, मासे वर राहतील, यंत्रं खाली. म्हणून तळघरातल्या अडगळीच्या खोलीत पंप, फिल्टर, हीटर आणि राखीव पाण्याची दुसरी टाकी अशी सगळी पलटण मांडायची आणि वरच्या जमिनीला भोक पाडून दोन पाइप वर न्यायचे ठरलं. प्लंबरने माप घेतलं खालून, मी घेतलं वरून, आणि दोघंही आपापल्या मापावर ठाम राहिलो. त्यामुळे पहिलं भोक चपलांच्या कपाटात निघालं. (ते अजून तिथेच आहे. त्यावर ही जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

बाबा हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हापासूनचं त्यांचं बोलणं तुला माहीतच आहे: ‘हं’, आणि फार झालं तर ‘बरं’. मी पंपाचं बटण दाबणार, तेवढ्यात म्हणाले, “आणि बंद केल्यावर वरचं पाणी कुठे जाणार?” आठ महिन्यांतलं त्यांचं पहिलं सबंध वाक्य! त्याचा अर्थ लक्षात घ्यायचा सोडून मी हिला हाका मारत सुटलो, बाबा बोलले म्हणून. त्याच आनंदात पंप सुरू केला, कौतुकाने पाहिला आणि बंद केला. वरच्या टाकीतलं पाणी त्याच पाइपने मुकाट्याने खाली आलं, घोट्यापर्यंत. प्लंबर स्टुलावर चढला, मी जिन्यावर, आणि पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं पंप सांभाळलेल्या आपल्या वडिलांनी आधी मेन स्विच पाडला, मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहून आम्हा दोघांची शाळा घेतली. ताई, आई गेल्यापासून त्यांचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता. मला रडू आलं. प्लंबरला वाटलं, पाण्यासाठी.

त्या दिवसापासून अडगळीचं पंपहाऊस झालं. भिंतीला वही टांगली. दर दोन तासांनी पातळी, उष्णता, पंपाचा आवाज आणि खाली सही. चार्ज घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. दुपारची पाळी हिच्याकडे. गेल्या मंगळवारी मी न्हाव्याकडे अडकलो, ही बाजारात, आणि बाबा उपाशी खाली. तेवढ्यात विजेचं मीटर बघणारा आला. बाबांनी त्याला काम समजावलं, त्याची सही घेतली आणि वर येऊन निवांत जेवले! मी तासाभराने खाली गेलो तर ते गृहस्थ स्टुलावर ताठ बसलेले. म्हणाले, “साहेब, आधी चार्ज घ्या. मी सही केलीय.” त्यांनी नोंदही केली होती: आवाज किंचित जास्त. (खरंच जास्त होता. पंपाखालचा रबर सरकला होता.)

आता मुद्दा. नव्या टाकीत लगेच मासे सोडले तर ते मरतात. पाणी आधी आठवडेच्या आठवडे मुरावं लागतं. रोज काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर तयार, हिरवं झालं तर थांबायचं. ही परीक्षा रोज सकाळी बाबा घेतात आणि वहीत लिहितात: हिरवं. तेव्हा नाइलाज आहे. रिकाम्या टाकीसाठी तिघंजण पाळ्या करतोय म्हणून शेजारी हसतात, हसोत बापडे. मला आपलं वाटतं, आपली जागा घ्यायला कोणीतरी वेळेवर येणार आहे एवढा भरवसा असला की माणूस जेवतो, झोपतो. आई गेल्यावर बाबांना तो कोणी दिलाच नव्हता. मी तर नाहीच.

तर तू घाई करू नकोस. भावजींना नमस्कार.

तुझा,
पाळीवरचा धाकटा

ता. क. बदली माणूस (म्हणजे ही) अजून आलेली नाही, म्हणून आणखी दोन ओळी. काल बाबा अंघोळीला गेले असताना मी स्वतः थेंब टाकून पाहिले. पाणी पिवळं. हिला सांगितलं तर म्हणते, “तीन आठवडे झाले, पिवळंच आहे.” पस्तीस वर्षांत बाबांनी वहीत एक नोंद खोटी केली नाही, हे ऐकतच आपण मोठे झालो.

पुन्हा ता. क. आज सकाळी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. ‘हिरवं’ लिहिलं होतं. नळी शेजारीच फळीवर होती, पिवळीधमक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाली सही केली. तुझ्याकडे त्यांना काही कमी पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू ये, हवे तितके दिवस राहा. फक्त येताना मासे आणू नकोस.