दुसऱ्या पृथ्वीची चौकट

मी, चित्रकथांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरून पोट भरलेली बाई, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. लिहिताना चारदा उठले. मन थाऱ्यावर नाही; डोकं आहे.

१. घर भाचीला मिळावं. त्यात रस्त्याकडची खोली दादाची, मागची धाकट्या भावाची, मधली माझी. त्या दोघांना ठेवायचं की नाही, हे तिने ठरवावं. ती कोणाला हाकलणार नाही, मी तिला ओळखते.

२. टाक, पट्ट्या, उतरतं टेबल शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्याला. एक टाक मात्र सह्या होईपर्यंत माझ्याकडेच राहील.

३. संपादकांनी माझं नाव कधीच छापलं नाही. त्यांना काही नाही.

४. झंझावात या आमच्या चित्रकथेतल्या नायकाच्या लग्नाचं मूळ पान त्या अभ्यासक बाईंना, ज्या विचारतात की दुसऱ्या पृथ्वीची कल्पना कोणत्या भावाची. दोघेही छातीठोकपणे 'माझी' म्हणतात. ती माझी आहे, आणि मला तिची लाज वाटते.

झंझावाताचा मुखवटा कोणाला सुचला, यावरून दोघांत अबोला झाला. दादा मासिकात त्याच्या कथा लिहायचा, धाकटा साप्ताहिकात स्वतःच रचून चित्रं काढायचा. एका आठवड्यात दोन्ही पानं माझ्या टेबलावर आली. धाकट्याने झंझावाताला समुद्रात बुडवून मारलं होतं, दादाने बोहल्यावर चढवलं होतं. पानं तीन दिवस पडून होती. दोन्हीकडची दारं माझ्याच खोलीत उघडतात. एक हाक पुरली असती. पण ज्याला माघार घ्यायला सांगेन तो माझ्यापासून तुटेल, ही भीती होती. म्हणून लग्नाच्या पानावर, वरच्या चौकटीत, मीच लिहिलं : 'दुसऱ्या पृथ्वीवर, त्याच दिवशी...'

वाचक वेडे झाले. पुढे आमच्या धंद्यात ज्याच्या त्याच्या नायकाला तीन-तीन पृथ्व्या फुटल्या. माझ्या घरात दोनच झाल्या. दोघेही आपापल्या पृथ्वीवर बरोबर ठरले, मग बोलायची गरज कोणाला उरली? एकतीस वर्षं मी एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवते आहे. झंझावात वाचला, भाऊ एकमेकांना मुकले. हे माझ्या हातून झालं.

५. दादाला आणि धाकट्याला मी काहीही ठेवत नाही. राग म्हणून नव्हे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. आणि साक्षीदारांनी एका टेबलाशी, एकमेकांदेखत सही करावी. मला हेच दोन साक्षीदार हवेत.

स्थळ : मधली खोली. सोमवार, चौदा तारीख, सकाळचे अकरा.

लिहून देणार : अक्षरवाली (सही)

साक्षीदार : थोरला भाऊ, लेखक (सही)

साक्षीदार : धाकटा भाऊ, चित्रकार (सही)

सह्यांनंतर काही जोडायचं नसतं, असं वकील सांगतात. तरी जोडते. टाक एकच ठेवला होता. दादाची सही झाल्यावर धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पोचवला नाही. मग तो म्हणाला, "दादा, टाक दे."