काचेतले टाक

९ सप्टें., मंगळवार
ऑफिस सुटल्यावर नेपियर टाउनला गेलो. तिथल्या गॅलरीत लेकीनं, रेणूनं, स्वतः मांडलेलं पहिलं प्रदर्शन, ‘घरातल्या जुन्या वस्तू’. त्यात आपल्या देवघरातले तीन टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले. खंडोबा, भवानी आणि घोड्यावरचा वीर. वीर म्हणजे आमचाच कुणी पूर्वज, नाव आता आईलाही आठवत नाही.
काळी मखमल, वरून एकच दिवा. टाक उंचीप्रमाणे लावलेले, म्हणून सगळ्यात उंच वीर मध्ये आणि भवानी कडेला. घरी मध्ये ती असते. फूल नाही, हळद नाही. शेजारच्या काचेत कुणाचं तरी पानदान.
हात जोडायला वर गेले ते खिशापाशी थांबले. पेन चाचपलं आणि खाली घेतले. मागे कॉलेजची दोन पोरं उभी होती. त्यांची लाज वाटली? आपल्याच देवापुढे?

१० सप्टें.
टाक गेले त्या दिवशी सौ.नं त्यांच्या जागी तीन सुपाऱ्या मांडल्या. रोज त्यांनाच स्नान, गंध, नैवेद्य. आज मन लागलं नाही. भवानीची सुपारी मध्येच आहे ना, हे उगाच पुन्हा पुन्हा पाहिलं.
आई विचारते, देव कधी येऊन राहिले? म्हटलं, घटस्थापनेच्या आत. रेणूनं शब्द दिला आहे.

१३ सप्टें., शनिवार
पुन्हा गेलो, कुणाला न सांगता. बरगीकडच्या आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेला आंब्याचं पान काढायचो. कुठं पाहायचं ते मास्तर सांगत. इथे दिवा सांगतो. उजेड जिथे पडतो तिथेच माणसं पाहतात, आणि पुढे जातात.
रेणू एका बाईला समजावून सांगत होती. मी खांबाआड. म्हणाली, चेहरे नुसते जुने झाले म्हणून नाही झिजले, दर सणाला चिंचेनं घासून झिजले. “ये जो चिकनापन है ना दीदी, ये चार पीढ़ी की औरतों का अंगूठा है.” बाई “अच्छा” म्हणाली आणि पानदानाकडे वळली.
गर्दी सरल्यावर काचेला नाक लावून पाहिलं. भवानीच्या पायाशी एक बोटभरही नाही एवढी बाई बसली आहे. हात जोडून. इतकी वर्षं रोज पूजा केली, ती कधी दिसली नव्हती. कुंकवाखाली होती. नाक तर गेलंच आहे, हातही जेमतेम उरलेत.

१६ सप्टें., मंगळवार
जेवताना रेणूनं विषय काढला. गॅलरीच्या मॅडमना टाक कायमचे हवे आहेत. आधी भोपाळला प्रदर्शन, मग तिथेच काचेत. घटस्थापनेला आणून देते, दसरा झाला की परत द्या.
आई म्हणाली, “देव का पाहुणे आहेत? आज इथं, उद्या तिथं?”
“आजी, असंच घासत राहिलीस ना, तर तोंडच उरणार नाही त्यांना.”
“माझं तरी कुठं उरून राहिलं, बाई.”
सौ. हसली. रेणू नाही हसली. मग दोघी, आजी आणि नात, माझ्याकडे पाहू लागल्या. मी भात मागितला.

१८ सप्टें., गुरुवार
दुपारी सुटी टाकून गेलो. हॉल रिकामा. रेणूला म्हटलं, भवानी मध्ये असते.
“काहून नाही सांगितलं पहिल्या दिवशी? मी उंचीनं लावून मोकळी झाली.” लागलं तिला. पांढरे हातमोजे घातले, काच उघडली, भवानीला मध्ये आणलं. इतकं हळू तर आम्हीही कधी उचलत नाही.
पायाशी बसलेल्या बाईबद्दल विचारलं. तिला ठाऊक होती. ती लहान असताना मी तिला पूजेला शेजारी बसवायचो तेव्हापासून.
मग म्हणाली, “बाबा, इथं लोक बघतात तरी. घरी तुम्ही डोळे मिटून घेता.”
डोळे मिटल्यावरच तर देव समोर येतो, हे सांगायचं राहिलं.
बसमध्ये हेच. तिचं खोटं नाही. आईचंही नाही. काचेत ठेवले तर चेहरा राहील, पूजा जाईल. घरी ठेवले तर पूजा राहील आणि ती लहानशी बाई एक दिवस घासून जाईल, आपल्याच हातानं.

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री
संध्याकाळी रेणू टाक घेऊन आली, कापसात गुंडाळून. चांदी काळी पडली आहे. प्रदर्शनासाठी मुद्दाम घासले नव्हते.
सुपाऱ्यांचं काय करायचं, सौ.नं विचारलं. आई म्हणाली, इतके दिवस देव होत्या, आता का पानात घालायच्या? तिलवाऱ्याला नर्मदेत सोडायचं ठरलं. आज मात्र घराबाहेर काढवल्या नाहीत. कोनाड्यात ठेवल्या.

२२ सप्टें., सोमवार. घटस्थापना
आईचे हात आता फार कापतात. भिजवलेली चिंच तिनं माझ्या हातात दिली. म्हणाली, घास.
भवानीला ताम्हनात घेतलं. चेहऱ्यावर अंगठा ठेवला तर तो अगदी बसला, जणू त्याच्याचसाठी खळगा केलेला. आईच्या अंगठ्याची जागा. खाली ती बाई, काळोखी चढलेली. रेणू न्हाऊन दारात उभी होती. नुसती माझ्या अंगठ्याकडे पाहत होती.
“काहून थांबला?” आई.
साध्या पाण्यानं धुतले, पुसले, काळेच मांडले. भवानी मध्ये. आई म्हणाली, “बरं. दसऱ्याला घास.” रेणूनं ऐकलं. तिचाही दसराच ठरलेला आहे. देव बसले, आता तोवर त्यांना कुणी हलवायचं नाही. दोघींनाही मी काही कबूल केलेलं नाही.
चिंचेची वाटी सौ.नं झाकून ठेवली.
आरतीला आज डोळे उघडे ठेवले. ती बाई दिसत राहिली आणि पाठ असलेलं कडवं मध्येच तुटलं. पुढचं आईनं म्हटलं.