बाबेटमावशीच्या हातचा पाव

१७ ऑक्टोबर १९३६, शनिवार

आज आमची इर्मी एकटी गेली! सात वर्षांची झाली, आता तिची पाळी. मीही सात वर्षांची असतानाच पहिल्यांदा गेले होते. मागच्या दाराने आत जायचं, कोणाला उठवायचं नाही, राख झाडायची, बारीक फाट्या आडव्या, जाड उभ्या, मग काडी ओढायची. शुक्रवारची सांज झाली की शनिवारची सांज होईपर्यंत शेजारची बाबेटमावशी, बाबेट ब्रावमान, आगीला हात लावत नाही. ती ज्यू, त्यांच्या धर्मात तसं आहे. मग गल्लीतलं एखादं आपलं पोर जाऊन चूल पेटवतं. माझ्या आईनं पेटवली, मी पेटवली, आज इर्मीनं.

त्या दिवशी मावशीला पैशालाही हात लावायचा नसतो, म्हणून मजुरी पावाची. वेणी घातलेला, वर खसखस. इर्मी तोंडभर खसखस घेऊन परत आली आणि म्हणाली, एकाच काडीत पेटली. मला तीन लागल्या होत्या, पण हे तिला सांगितलं नाही. आधीच शेफारलीये.

३ नोव्हेंबर

रुकडेशेल गुरुजींनी आज वर्गात डोक्यांचे तक्ते लावले. आपली डोकी कशी, त्यांची कशी, नाकं कशी. मग इर्मीला पुढे बोलावून बाकावर उभं केलं आणि पोरांना सांगितलं, बघा, हे खरं जर्मन डोकं. सोनेरी केस, सरळ नाक. घरी आली ती मान वळवेचना, डोकं सांडेल अशी चालत होती.

मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते, या वहीत तरी खोटं कशाला. आपल्या लेकीला कोणी चांगलं म्हटलं की आईला बरं वाटतंच. ते कशासाठी म्हटलं, हे नंतर भांडी घासताना डोक्यात आलं.

गुरुजी वाईट माणूस नाही. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. गेल्या हिवाळ्यात इर्मीचा मफलर हरवला तर स्वतःचा काढून दिला. पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात.

२१ नोव्हेंबर, शनिवार

हसून हसून पोट दुखलं. इर्मीनं सकाळी चूल पेटवल्यावर दोरा घेऊन बाबेटमावशीचं नाक मोजलं! मावशीही शहाणी, मान वर करून बसून राहिली. मग घरी येऊन भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांचं मोजलं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, किलियानच्या बापाचं. फोटो लहान, तरी नाक मोठं भरलं. जेवताना बाईसाहेब गंभीरपणे म्हणाल्या, “आई, गुरुजींचं काहीतरी चुकलंय. मावशी तशी नाहीये.”

किलियानने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, हे शाळेत बोलायचं नाही हं. का, तर गुरुजींना वाईट वाटेल. इर्मीला ते पटलं. गुरुजींना वाईट वाटू नये, एवढं तिला कळतं.

१२ फेब्रुवारी १९३७, शुक्रवार

किलियानला आज द्राक्षबागावाल्यांच्या संघात बोलावलं. दोनशे पिंपांचं काम होतं, वर्षभराचं. तिथे बसलेल्याने सही केली नाही. म्हणाला, तुझ्या पोरीला दर शनिवारी ज्यूच्या दारातून पाव खात बाहेर पडताना लोक बघतात. चौकातल्या पक्षाच्या काचेच्या पेटीत अशांची नावं लावतात, ठाऊक आहे ना? फोटोही लावतात.

किलियान घरी आला आणि हातोडा घेऊन नुसता बसला. पिंपं बनवणाऱ्याला पिंपंच नसली की त्याने काय करावं! मी म्हटलं, इर्मीला पाठवत नाही. मी जाईन, पहाटे, लाकडाच्या खोपटातून. कोणाला दिसणार नाही.

पण इर्मीला काय सांगू? खरं सांगितलं तर सोमवारी वर्गात हात वर करून सांगेल की आमच्या घरी सगळे घाबरतात. तिच्या पोटात काही राहत नाही.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी ती बूट घालत होती. म्हटलं, इर्मी, आजपासून जायचं नाही. का? तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, मावशीला एक आजार आहे. त्यांच्यात असतो. तिच्या हातचं खाल्लं की पोटात किडे होतात.

“पण मी तर खाल्लाय,” इर्मी म्हणाली. केवढीशी झाली होती! दिवसभर पोटाला हात लावून बसली. दुपारी रडायला लागली, आत काहीतरी वळवळतंय म्हणून. शेवटी मी कडू दवणा उकळून काढा केला आणि दोन चमचे पाजला. म्हटलं, झालं, मेले सगळे. आधी खोटं, मग त्या खोट्यावर औषध!

थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. वारं बदललं की सांगेन.

१४ फेब्रुवारी

पापं सांगायला पाद्र्यापुढे गुडघे टेकले. उपवासात लोणी खाल्लं, हे सांगितलं. ते नाही सांगितलं.

२० मार्च, शनिवार

आता मीच पेटवते. उजाडायच्या आत जाऊन येते. मला अजून तीन काड्या लागतात. मावशी आतून खोकते, म्हणजे जागी आहे. पण बाहेर येत नाही. मला ओशाळं वाटू नये म्हणून, असं मला वाटतं. पाव फडक्यात बांधून कट्ट्यावर ठेवलेला असतो. मी तो खोपटातच उभ्याने खाते. घरी कसा नेऊ? एकदा फडक्याला खसखस चिकटून आली तर इर्मीनं मला घंगाळात हात धुवायला लावले आणि स्वतः साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. “आई, तू काळजी घेत जा गं,” म्हणाली.

७ मे

गुरुजी घरी आले! मी एप्रनमध्येच. हातात इर्मीची निबंधाची वही. विषय होता, आपल्या गावातले परके. सगळ्या पोरांनी वर्गात सांगितलं तेच लिहिलं होतं, पण इर्मीनं घरचं लिहिलं. त्यांनी वाचून दाखवलं. “आमच्या शेजारी एक ज्यू बाई आहे. ती प्रेमाने पाव देते, पण तिच्या हातचं खाल्लं की पोटात किडे होतात. त्यांच्यात हा आजार असतो. माझ्या आईनं मला वेळेत औषध दिलं म्हणून मी वाचले. मी माझ्या लहान मैत्रिणींनाही सांगते.”

गुरुजींचा आवाज भरून आला होता. म्हणाले, “बाई, शाळा किती करणार! तुमच्यासारख्या आया असल्या की आमचं अर्धं काम झालंच.”

मी काय म्हणाले? म्हणाले, आभारी आहे गुरुजी, कॉफी घेणार? त्यांनी घेतली. दोन कप.

इर्मी दाराआडून बघत होती. इतकी खूश, की तिच्याकडे बघवेना.

८ मे, शनिवार

निबंध काल संध्याकाळीच काचेच्या पेटीत लागला. नावासकट.

पहाटे गेले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती. तिने वाचला होता. पेटी पंपाशेजारी, पाण्याला सगळ्यांनाच जावं लागतं. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पिंपं, सही, काढा. रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली, मी सात वर्षांची असताना चटका बसला होता तेव्हासारखा. म्हणाली, अक्षर फार सुरेख आलंय पोरीचं, मी गिरवून घेतलं होतं ते वाया गेलं नाही.

मग म्हणाली, “रेझी, तू तिला खरं सांग. माझ्यासाठी नको, मी म्हातारी. तिच्यासाठी सांग.” मी म्हटलं, सांगते. शपथ घेतली.

मग चूल पेटवली. थंडी फार होती.

११ मे

किलियानला दोनशेच्या जागी तीनशे पिंपांचं काम मिळालं. कोणी काही बोललं नाही. आम्हीही बोललो नाही.

३० जून

आज सांगणार होते. पण इर्मीला गोवर.

१९ सप्टेंबर

सांगणार होते. ती म्हणाली, आई, तू जगातली सगळ्यात खरी बाई आहेस. गुरुजींनी विचारलं होतं म्हणे, तुम्ही सगळ्यात जास्त कोणावर विश्वास ठेवता. बाकी पोरांनी मोठ्या मोठ्या माणसांची नावं घेतली. हिने माझं. आता बोला!

१० नोव्हेंबर १९३८

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी शेजारच्या शहरातून ट्रक भरून माणसं आली. त्यांचं प्रार्थनाघर फोडलं. दहा वाजता गुरुजींनी शाळा सोडली, पण घरी नाही, रांगेत. पोरं गात होती. इर्मीचा वर्ग मधोमध. आधी पोरं बिचकली होती, खिडकीतून दिसत होतं मला. एका माणसाने पहिल्या पोराच्या हातात दगड दिला, मग सगळ्यांना चेव आला.

मावशीच्या घराच्या काचा गेल्या. पिसांच्या गाद्या फाडून गल्लीत टाकल्या. मावशीला अंगणात आणून कपड्यांच्या टोपलीवर बसवलं. ती आमच्या खिडकीकडे बघत नव्हती. मुद्दाम. मी पडद्यामागे. मी गेले नाही! किलियानने मनगट धरलं होतं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. त्याने सोडलं असतं तरी मी गेले नसते.

उद्याच्या शुक्रवारचे पाव तिने आजच भाजले होते. पोरं ते घेऊन बाहेर आली. वेन्डेलिन, पाच वर्षांचा, थोरल्या भावामागे आलेला, त्याने एक तोंडाला लावला. इर्मी धावली. त्याच्या हातावर चापट मारून पाव पाडला, त्याच्या तोंडात बोट घालून घास काढला, आणि बाकीचे पाव गोळा करून शेणखताच्या खड्ड्यात टाकले. एकही दगड मारला नाही तिने. मी पूर्ण वेळ बघत होते, एकही नाही.

संध्याकाळी माझ्या मांडीत येऊन बसली. “आई, सगळे हसले मला. पण वेन्डेलिनला किडे झाले असते ना? तो किती लहान आहे.”

मी तिला जवळ घेतलं. चांगलं केलंस, म्हणाले. देवा, मी म्हणाले, चांगलं केलंस.

१७ जानेवारी १९३९

मावशीचा पुतण्या तिला वुर्झबुर्गला त्यांच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात घेऊन गेला. किलियानने हातगाडीवर तिची ट्रंक स्टेशनवर नेली, भर दुपारी, चौकातून, पंपासमोरून. कोणाला काय बघायचं ते बघू दे, म्हणाला. मी एवढी वर्षं त्याच्याशी संसार केला आणि त्याला आज ओळखलं.

मावशीनं निघताना एवढंच विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, हो.

तिलाही खोटं बोलले.

४ ऑक्टोबर १९४०

इर्मी अकरा वर्षांची झाली. केक केला, अंडं एकच मिळालं. किलियान लष्करात, फ्रान्सहून पत्र आलंय, पाय सुजतात म्हणतो. इर्मी मोठी व्हायला लागलीय, फार बोलत नाही. दुसऱ्यांच्या लहान पोरांचं नाक पुसते, त्यांना गोष्टी सांगते. गल्लीतल्या बायका म्हणतात, किती मायाळू तुमची पोर. आहेच. जन्मापासून आहे.

बाबेटमावशीच्या घरात आता संघाच्या कारकुनाचं कुटुंब राहतं. शनिवारी त्यांच्या धुराड्यातून धूर निघतो. मी तिकडे बघायचं टाळते.

सांगायचं राहिलं.

२६ एप्रिल १९४२, रविवार

काल वुर्झबुर्गच्या माल-स्टेशनवरून त्यांची गाडी गेली, पूर्वेकडे. बाबेटमावशीही होती म्हणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. परत कोणी येत नाही, हे दूधवालीने कुजबुजत सांगितलं.

मी इर्मीला समोर बसवलं. ती बटाटे सोलत होती. सांगितलं. आजार नव्हता. किडे नव्हते. आम्ही घाबरलो होतो आणि मी खोटं बोलले. तो काढाही खोटा. मग म्हटलं, माझा दोष आहेच, पण शाळेत तुझ्या डोक्यात आधीपासून काय काय भरत होते, तू तरी काय करणार होतीस?

तिने हातातला बटाटा सोलून संपवला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, “गुरुजींचं मला कधीच खरं वाटलं नव्हतं, आई. तू सांगितलंस तेव्हा वाटलं.”