मागचा पत्रा

१८ नोव्हेंबर, सोमवार

कापणार म्हणजे कापणार!

दुपारी पप्पा भरल्या ताटावरून उठले. बांगड्याचं तिखलं पुढ्यात असताना उठणारा माणूस नाही तो, म्हणजे राग खराच. कारण काय, तर पप्पांचे दोस्त प्रिन्स अंकल, त्यांची लाल टू-सीटर गाडी. अंकल पोर्तुगालला जाताना ती माझ्या नावावर करून गेले. तिला मोठा सायलेन्सर घालायचाय, दोन तोंडांचा. तो बसायचा तर मागचा पत्रा कापावा लागणार, दुसरा इलाज नाही. आणि तो पत्रा पडला पप्पांचा! बारा वर्षांपूर्वी कणकवलीजवळ डंपरने मागून उडवली होती, तेव्हा पप्पांनी तो हाताने ठोकून सरळ केला. खड्डे बुजवायच्या पुट्टीचं बोट न लावता. मालवणात अजून सांगतात लोक.

"तो पत्रो कापूक देवचंय नाय," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, गाडी माझी आहे.

२० नोव्हेंबर

बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी मम्मीमार्फत मागतात. मागू देत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून टाकते, डोकं तरी थंड होईल.

या गॅरेजात ठोकायचं काम मी करते. चौदाव्या वर्षी पप्पांनी माझ्या हातात हातोडी दिली. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि ठोकायला बसायचं. आता सव्वीस झाले. पण गाडी बाहेर पडली की नाव कुणाचं? पप्पांचं, मॅन्युएलचं. कुडाळचे जुन्या गाड्या घेणारे खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही, लबाडी लगेच कळते. आमच्याकडून गेलेली गाडी म्हटली की चुंबक परत खिशात! "मॅन्युएलचा काम," म्हणतात. अरे, मॅन्युएलने शेवटचा पत्रा कधी ठोकला ते विचारा तरी! गेली दोन वर्षं हात इतके थरथरतात की चहाचा कप मम्मी धरते. तरी काम त्यांचंच. मी पोरगी, मी तिथे वडिलांना डबा द्यायला जाते असं वाटतं सगळ्यांना.

म्हणून ही गाडी. आठ डिसेंबरला मडगावचा क्लाइव्ह आणि त्याचे दोस्त बघायला येणार आहेत. घाटात गाड्या पळवायचा नाद आहे त्यांना. काम पसंत पडलं तर त्यांच्या गाड्या माझ्याकडे येणार. माझ्याकडे — मॅन्युएलकडे नाही!

२५ नोव्हेंबर, सोमवार

कापला. पुठ्ठ्याचा साचा करून, खालच्या कडेला दोन अर्धगोल. हात जरासुद्धा हलला नाही. पाइप असा चपखल बसला की मीच माझी पाठ थोपटली.

मग गाडी चालू केली — ठण ठण ठण! इंजिन हललं की पाइप हलतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते, आणि स्वतः फट ठेवली पेन्सिलीएवढी. निदान अंगठाभर हवी होती. शेजारचा गुरुप्रसाद स्प्रेपेंटिंग करतो, एके काळी पप्पांच्या हाताखाली होता. तो धावत आला, म्हणाला, गाडी आसा की देवळातली घंटा? पप्पांनी आतून खिडकी लावून घेतली. हसले असते तर बरं वाटलं असतं.

परत कापायला हवं. आणखी वर.

२९ नोव्हेंबर

मम्मी म्हणते, नाद सोड, बापाचं मन मोडू नको. माझं मन कोण बघतंय?

३ डिसेंबर, मंगळवार

मम्मी पहाटेच चर्चच्या फेस्ताला जुन्या गोव्याला गेली. घरात आम्ही दोघंच, दोन टोकांना. मी ग्राइंडर घेतला.

खालचा पत्रा कापला तेव्हा ठिणग्या नुसत्या उधळत होत्या. दोन बोटं वर गेले आणि ठिणग्या बंद. पिवळट भुकटी उडायला लागली. वाटलं चकती बोथट झाली. बदलली. पुन्हा भुकटी. मग नखाने खरवडून बघितलं.

पुट्टी. बोटभर जाड! आणि तिच्या खाली डंपरचा खड्डा, पडला होता तसाच.

खाली फरशीवर बसले. आधी राग आला. पुट्टी म्हणजे पाप, असं मला बारा वर्षं ऐकवणारा हाच माणूस! मग आठवलं, दर मे महिन्यात अंकलची गाडी यायची तेव्हा त्या कोपऱ्याला रंग तेच मारायचे, मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मला वाटायचं, माया आहे कामावर. आणि हातोडी? ती त्याच वर्षी माझ्या हातात आली. त्यानंतर त्यांना ठोकताना मी बघितलंच नाही. हात दोन वर्षांपूर्वी गेले नव्हते, बारा वर्षांपूर्वीच गेले होते. आणि मी समजत होते, ते मला शिकवताहेत. खूप रडले.

संध्याकाळी ते गॅरेजाच्या दारात आले. फरशीवरची भुकटी बघितली. मी मान वर केली नाही. तसेच मागे फिरले.

४ डिसेंबर

सगळी पुट्टी खरवडून काढली, खड्डा ठोकायला घेतला. तेवढ्यात गुरुप्रसाद थिनर मागायला आला, कोपऱ्यातला ढीग बघून थबकला.

"ही पुट्टी कोणाची गो?"

"माझी," म्हटलं. विचार केला नाही, तोंडातून निघूनच गेलं.

५ डिसेंबर, गुरुवार

मासळीबाजारात मम्मीला तिघींनी विचारलं — तुजा चेडू पुट्टी भरता म्हणे? मॅन्युएलचा नाव बुडवल्यान!

ज्या नावासाठी पंधरा दिवस भांडले ते मिळायच्या आधीच गेलं. आता क्लाइव्हच्या कानावरही जाईल. जाऊ दे! हसायचं त्यांनी हसावं. नाव माझं आहे, मी त्याचं काय वाटेल ते करीन. पण पप्पांकडे कुणी बोट दाखवायचं नाही.

मम्मीला खरं सांगितलं नाही. तिला माहीत असावं, असं वाटतं.

७ डिसेंबर, शनिवार

झालं! पत्रा आरशासारखा, पाइपाभोवती अंगठाभर फट. गाडी चालू केली तर समोरच्या माडावरचे कावळे उडाले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. उद्या कुणाला पटो न पटो.

पप्पा अजून बोलत नाहीत. आज रात्री ताटावरून उठले नाहीत, एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

क्लाइव्हने पत्रा खालीवर तपासला, खूश झाला. मग सगळ्यांसमोर विचारलं, बाजारात ऐकलं ते खरं का? मी म्हटलं, हो, आधी भरली होती. गुरुप्रसाद गालात हसला. पप्पा नुकतेच चर्चमधून, मिसाहून आले होते. चार माणसांत हात कायम खिशात ठेवतात ते — आज बाहेर काढले, तसेच थरथरणारे, आणि क्लाइव्हच्या पुढ्यात धरले.

"ती पुट्टी माझी. चेडवाची न्हय. आणि तेच्या फुडे बारा वर्सां जा काय तुमी मॅन्युएलचा काम म्हणतास, ता सगळा ह्या चेडवाचा."