तुमच्या मुलाबरोबर स्कॉटलंडला

सर,

तुमच्या मुलाला मी स्कॉटलंडमध्ये हरवलं. आधी खेळात हरवलं, मग आणखी एका रीतीने, ते सावकाश सांगते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे मला घाई नाही आणि तुम्हालाही मध्येच उठून जाता येणार नाही. तिकडे आम्ही चौघं गेलो होतो. शहापूरच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे मिस्टर, भातसानगरहून निवृत्त झालेला तुमचा इंजिनियर मुलगा आणि मी. दहा दिवस, तीन गोल्फची मैदानं, आणि मधल्या दिवसांत किल्ले, दीपगृहं, छप्पर उडालेली दगडी चर्चं. मी गोल्फ कशी खेळते असं तुम्ही विचाराल. मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला मैदान झालं तेव्हा मी तिथे गवत बेणायला गेले. भाताची बेणणी करणाऱ्या आम्ही सतरा बाया उकिडव्या बसून हिरवळीतलं तण उपटायचो. सोमवारी मैदान बंद, तेव्हा कामगारांना खेळायची मुभा होती. एकदा सहज काठी हातात घेतली आणि बॉल मारला, तर मॅनेजर चहाचा कप तसाच धरून बघत राहिला. आज त्या मैदानाच्या सगळ्या गवताची सुपरवायझर मी आहे, आणि तिथल्या बायकांमध्ये मला हरवणारं कोणी नाही.

हात तुम्हीच ओळखला होतात, तेवढं कबूल करते. आठवी-नववीत मी मुरबाडला मावशीकडे राहायचे. भूगोल संपला की तुम्ही मला मैदानावर न्यायचात आणि भाला हातात द्यायचात. "समोरून वारा आला की टोक खाली ठेव. वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याच्या खालून जायचं." मी जिल्ह्यात पहिली आले. तुमची मुलगी दुसरी आली. राज्याच्या स्पर्धेला एकच जाणार होती, आणि त्याच आठवड्यात तुम्ही एसटीने डोळखांबला उतरून आमच्या पाड्यापर्यंत चालत आलात. मी सुट्टीला घरी होते. माझा बाप तुम्हाला बघून इतका हरखला की त्याने स्वतःच्या धोतराच्या सोग्याने खाट पुसली. मी चुलीपाशी तुमच्यासाठी चहा करत होते आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज ऐकत होते. "पोरगी हाताबाहेर चाललीय. स्टँडवर एका पोराबरोबर दोनदा पाहिली मी तिला." चहा तुम्ही प्यायलात. माझ्याच हातचा.

तुम्ही गेल्यावर मी रडून सांगितलं की हे खोटं आहे, मी स्टँडवर कधी थांबतसुद्धा नाही. बाप म्हणाला, "सर खोटं कशाला बोलतील गो? त्यांना काय मिलनार?" काय मिळणार ते महिन्याभराने कळलं, तुमची मुलगी स्पर्धेला गेली तेव्हा. तोवर माझी शाळा सुटली होती आणि वैशाखात लग्न झालं. बाप मरेपर्यंत माझ्याशी डोळे वर करून बोलला नाही. एवढं मोठं नुकसान तुम्ही एका कप चहात उरकलंत, सर.

तुमचा मुलगा आमच्या मैदानावर यायला लागला तेव्हा आडनावावरून शंका आली, चालण्यावरून खात्री पटली. मला तो ताई म्हणतो. गवताबद्दल विचारतो, ऐकून घेतो. चांगला माणूस आहे, तुमच्यावर गेलेला नाही. मी दोन वर्षं गप्प राहिले. इथे सांगितलं असतं तर तो गाडीत बसून घरी निघून गेला असता. डॉक्टरीणबाईंनी सहलीचं काढलं आणि तो लगेच हो म्हणाला, तेव्हा मीही हो म्हटलं.

तिकडे समुद्राला लागून जी मैदानं असतात त्यांना लिंक्स म्हणतात. वाळूच्या टेकड्या, त्यावर आपणहून वाढलेलं राठ गवत, झाड एकही नाही, आणि वारा असा की टोपी हातातच धरावी लागते. तिसऱ्या मैदानावर आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळलो. तो बॉल उंच मारायचा आणि वारा तो उचलून झुडपात टाकायचा. मी खालून मारत होते. कोणाचा आवाज माझ्या कानात होता ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा होल होता होता तो पुरता मागे पडला. हसून म्हणाला, "ताई, तुम्हाला हे वाऱ्याचं शिकवलं कोणी?"

"मुरबाडच्या एका सरांनी."

"आमचे बाबासुद्धा मुरबाडलाच सर होते! माझ्या बहिणीला त्यांनी भालाफेकीला राज्यापर्यंत नेलं. देवमाणूस होते. कोणाचं वाकडं केलं नाही आयुष्यात."

मग मी सांगितलं. खाट, चहा, भिंत, स्टँडवरचा पोरगा, वैशाख. आवाज चढवला नाही. तो हातातली काठी जमिनीला टेकवून ऐकत होता. मागून खेळत येणारे दुसरे चौघे खोळंबले, त्यांना मी हाताने पुढे जायला सांगितलं. ते पुढे गेल्यावर तो म्हणाला, "बहिणीला हे माहीत नसणार."

"नसेल."

"बाबांनी कधी माफी मागितली तुमची?"

"नाय," मी म्हटलं.

उरलेले होल मी एकटीने खेळून पुरे केले. दुसऱ्या दिवशी किल्ला बघायला आम्ही तिघंच गेलो. तो खोलीत बसून राहिला. मी किल्ल्याच्या तटावरून मेंढ्या पाहिल्या, फोटो काढून घेतले, मासा आणि बटाटे पोटभर खाल्ले. परत आल्यापासून तो मैदानावर फिरकलेला नाही. डॉक्टरीणबाई परवा सांगत होत्या की त्याच्या दिवाणखान्यातला तुमचा हार घातलेला फोटो दिसत नाही, आणि बहीणभावात काहीतरी बिनसलंय. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

हे पत्र द्यायचं तर त्यालाच देता येईल, आणि त्याला मी देणार नाही. कारण तुम्ही आला होतात, सर. जाण्याच्या दोन वर्षं आधी, रिक्षा करून, भर उन्हात. माझ्या ओट्याखाली उभं राहून म्हणालात, "चुकलं माझं, पोरी." मी सुपातले तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही, पाणीही विचारलं नाही.